बिडीचं सूप आणि पेनचं किट

काही महिन्यांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक खोकं उघडलं गेलं. आत छोट्या छोट्या पारदर्शक पिशव्या, आणि एकेका पिशवीत चकचकीत सुटे भाग. दोन पितळी नळ्या, सोनेरी टोकं, खिशाला अडकवायची क्लिप, आट्यांचा जोड, निब, शाई ओढून घेणारी पिचकारी. बायका पिशव्या कानाशी नेऊन खुळखुळ वाजवून बघू लागल्या. एकीने तर विचारलंसुद्धा, "ताई, कानातले बनवायचे आहेत का?"

खोकं आणणारे गृहस्थ बाहेरगावचे, बोलायला गोड. त्यांनी समजावून सांगितलं. ही पेनची किटं. लाकडाचा ठोकळा मशीनवर गोल करायचा, त्यात हे भाग बसवायचे, की झालं हातानं बनवलेलं पेन. शाईचं हवं तर शाईचं, रोलरबॉल हवं तर रोलरबॉल. शहरात लोक भेट द्यायला घेतात. "तुम्हाला एक रुपयासुद्धा गुंतवायचा नाही. किट मी देणार, लाकूड मी देणार, मशीन मी बसवून देणार, आणि तयार पेनही मीच नेणार. एका पेनामागे वीस रुपये तुमचे."

बायकांचे चेहरे खुलले. न गुंतवता वीस रुपये, कोणाला नको असतात? तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशी बोलल्या. चाळीस वर्षं बिडी वळलेली बाई. बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "बाई, हे त बिडीवानीच झालं. पान त्यायचं, तमाखू त्यायची, सूत त्यायचं. हात तेवढे आपले."

बैठकीत एकदम शांतता झाली. गृहस्थ हसले, पण त्यांचं हसू जरा ओढूनताणून आणलेलं होतं. मी घरी आले ती मावशींचं वाक्य डोक्यात घेऊनच. मैत्रिणींनो, आज तेच तुमच्यापुढे मांडते आहे. कारण आज आमच्या गावात पेनचं किट आलं, उद्या तुमच्या गावात दागिन्यांचं येईल, राख्यांचं येईल, अगरबत्तीचं तर कधीचंच आलं आहे.

बिडी म्हणजे काय ते गोंदिया-भंडाऱ्याच्या बाईला सांगायची गरज नाही. उन्हाळा लागला की तेंदूपत्त्याचं फड लागतं, पुडे बांधले जातात, आणि मग वर्षभर ते पान घराघरात सुपात येऊन पडतं. मांडीवर सूप, सुपात ओलसर पान, तंबाखू आणि सूत. पत्र्याच्या फर्म्यावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक दुमडायचं, सूत गुंडाळायचं. माल कारखानदाराचा, तो सट्टेदारामार्फत घरी यायचा, आणि वळलेली बिडी हजारावर मोजून परत जायची. बिडी पातळ झाली, तोंड उघडं राहिलं, की ती छाटीत. छाटीचे पैसे नाहीत, पण छाटीची बिडीही परत मिळत नाही! पान कमी पडलं तर पदरचं घालायचं. हे सगळं आपल्या आयांनी, सासवांनी केलं. त्या मजुरीवर घरं चालली हेही खरं, आणि त्यातली एकही बाई बिडीच्या धंद्याची मालकीण झाली नाही हेही तितकंच खरं.

बरं, त्या बिडीवालीसाठी निदान कायदा तरी झाला. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यानं घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी काम करते म्हणून ती कामगार नाही, असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही. पुढे १९७७ पासून बिडीला भविष्यनिर्वाह निधीही लागू झाला. तो प्रत्येकीच्या हाती किती पडला हा वेगळा विषय, त्यावर लिहायला बसले तर पुरवणी पुरणार नाही. पण पेनच्या किटवर काम करणाऱ्या बाईला कोण विचारणार? तिचं ना कार्ड, ना पीएफ, ना छाटीचा हिशोब. ती तर कागदावर "उद्योजिका"! आजकाल हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या भावानं बनवून देणारी बाई उद्योजिका कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता कुणी म्हणेल, ही बाई कुठल्याही नव्या गोष्टीला नाक मुरडते. तसं नाही. ते पेन बनताना मी दोन दिवस उभी राहून बघितलं आणि खरं सांगते, मला ते काम फार आवडलं.

बोटभर जाडीचा, वीतभरापेक्षा कमी लांबीचा चौकोनी ठोकळा घ्यायचा. पेनाच्या मापाचे दोन तुकडे करायचे, एक अंगाचा, एक टोपणाचा. मग मधोमध आरपार भोक. ते भोक सरळ पडणं हीच पहिली परीक्षा. ड्रिल तापलं, घाई केली, की लाकूड दुसऱ्या टोकाला फुटतं. मग पितळी नळीला पॉलिश पेपर मारून ती खरबरीत करायची, डिंक लावून भोकात फिरवत फिरवत बसवायची. डिंक वाळला की दोन्ही टोकं नळीच्या काठाला अगदी सपाट करायची. नंतर ते तुकडे एका पोलादी सळईवर ओवायचे, आजूबाजूला मापाच्या कड्या, आणि सळई लेथवर चढवायची. मशीन सुरू झालं की चौकोनी ठोकळा डोळ्यादेखत गोल होऊ लागतो. छिन्नी टेकवली की लाकडाची साल कुरळी होऊन उडते. पेन्सिलीला टोक करताना निघते ना, तशी, पण लांबच लांब. कडीच्या जाडीइतकं लाकूड उतरलं की थांबायचं. मग जाड पेपर, बारीक पेपर, त्याहून बारीक पेपर, शेवटी पॉलिश. आणि मग ते चकचकीत भाग वाइसमध्ये दाबून बसवायचे. शाईपेन आणि रोलरबॉल यांच्या किटात फरक असतो तो पुढच्या भागाचा. एकात निब, दुसऱ्यात रिफिल. बाकी अंग तेच.

बिडी वळणाऱ्या बोटांना जाडीचा अंदाज शिकवावा लागत नाही, हे मी तिथे पाहिलं. आमच्या गटातल्या एका मुलीनं तिसऱ्याच पेनाला कडीचं माप डोळ्यानं धरलं. शिकवायला आलेले सरसुद्धा बघत राहिले.

पण सरांचाच एक नियम मला खटकला. लेथवर मुलं बसणार आणि बायका पॉलिश करणार, भाग बसवणार, डब्यात भरणार. कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पदर अडकतो, बांगड्या अडकतात, केस अडकतात. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?" कारण खोटं नव्हतं. फिरत्या मशीनला पदराचं टोक लागलं तर ते माणसाला ओढून घेतं. हातमोजेसुद्धा लेथवर घालायचे नसतात, तेही अडकतात. पण कारण खरं असलं म्हणून उपायच शोधायचा नाही का? बाईला मशीनपासून दूर ठेवलं की मजुरीही आपोआप दूर राहते. कारण छिन्नी धरणाऱ्याला कारागीर म्हणतात आणि डबा भरणारीला मदतनीस.

आम्ही उपाय शोधला. पदर घट्ट खोचून वरून शाळेच्या मुलांसारखा बाह्यांना इलास्टिक लावलेला अंगरखा, केसांवर रुमाल, डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं. बिज्याचा, शिसवाचा भुसा नाकात गेला की शिंका आणि अंगाला खाज, म्हणून फडकं हवंच. सगळ्या तयार झाल्या. अडलं ते बांगड्यांवर. काचेच्या बांगड्या उतरवायला आमच्यातल्या तिघी तयार होईनात. एकीचे डोळे भरून आले. तुम्ही हसाल, पण मी हसले नाही. मी बी. ए. झाले तरी माझ्या हातातली काचेची बांगडी फुटली की माझाही जीव चरकतो. शेवटी त्यातल्या एकीच्या सासूनंच निकाल दिला. म्हणाली, "काढून देव्हाऱ्यात ठेवत जा. देवापुढे आहेत म्हणजे हातातच आहेत. घरी आली की भर." म्हातारीला काही शिकवावं लागलं नाही! उगाच सासवांना नावं ठेवतो आपण.

आता पैशांकडे वळू. गृहस्थ गेल्यावर आम्ही चौघीजणी वही-पेन घेऊन बसलो. आमच्या गटातल्या एकीचा भाऊ पुण्यात असतो, त्याला किटांच्या किमती विचारायला लावल्या. साध्या बॉलपेनचं किट शंभर-सव्वाशेला पडतं, शाईपेनचं बरं किट तीनशे-साडेतीनशेच्या पुढे. लाकूड म्हणजे फर्निचरवाल्याकडचे तुकडे, जवळजवळ फुकट. आणि तसंच लाकडी शाईपेन त्यानं एका प्रदर्शनात बाराशे रुपयांना बघितलं होतं. नवशिकी बाई दिवसाला दोन-तीन पेनं करते, हात बसला की पाच-सहा. सहा पेनं म्हणजे एकशेवीस रुपये. धानाच्या रोवणीला जाणारी बाई याच्या दुपटीहून जास्त घेऊन येते, आणि तिला संध्याकाळी कोणी तिची रोवणी छाटीत काढत नाही.

बाराशेतले सगळे पैसे त्या गृहस्थांच्या खिशात जातात असं मात्र मी म्हणणार नाही. दुकानदाराचं कमिशन, प्रदर्शनाचं भाडं, न खपलेला माल, प्रवास, डबी, हे सगळं त्यांच्या अंगावर. विकणं हे बनवण्यापेक्षा अवघड काम आहे, हे ज्यांनी आपल्या गटाचे पापड विकलेत त्यांना विचारा. पण तरी एका पेनातला बाईचा वाटा साठातला एक रुपया असावा, हे काही मनाला पटत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, खादी वापरणारे. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते एकदम म्हणाले, "परदेशी किट! हातही लावू नका. पूर्ण स्वदेशी जमत असेल तरच करा." किटातले भाग बहुतेक चीन, तैवानकडून येतात, चांगल्या निबा जर्मनीच्या, हे त्यांचं म्हणणं खरं. पण त्यांच्याशी माझं तिथे जमेना. आणि गंमत म्हणजे याच वादाचा एक जुना धागा आपल्या विदर्भातच सापडतो.

१९३० च्या दशकात आंध्रातल्या राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम नावाच्या कारागिरानं शाईपेन बनवायला घेतलं. प्रेरणा गांधीजींची, देशी वस्तू करा म्हणून. असं सांगतात, की त्यांचं सुरुवातीचं पेन गांधीजींपर्यंत पोचलं तेव्हा त्यात सगळंच देशी नव्हतं, निब बाहेरची होती, आणि ते मान्य झालं नाही. रत्नम पुन्हा कामाला लागले. वर्ध्याला तेव्हा मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम नुकतंच सुरू झालं होतं. संघ स्थापन झाला डिसेंबर १९३४ मध्ये, आणि त्याचा भार होता जे. सी. कुमारप्पांवर. त्यांच्याच हातून रत्नम यांचं पेन गांधीजींकडे गेलं, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले. ते पेन वापरलं, बाजारातल्या परदेशी पेनाला चांगला पर्याय वाटलं, असं त्यांनी कळवलं. तीन वर्षांनी, ३० डिसेंबर १९३८ ला, त्याच वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ते अजून आहे. वर्ध्याला गेलात तर जरूर बघा, सेवाग्राम बघून परत फिरू नका.

शिक्षक मला हीच गोष्ट पुराव्यासारखी सांगत होते. मला त्यात दुसरंच दिसलं. रत्नम यांनीही एका दिवसात सगळं देशी केलं नाही. आधी जमेल तेवढं केलं, मग एकेक भाग आपला केला. पण पहिल्या दिवसापासून पेन त्यांचं होतं. बनवायचं काय, कसं, कोणाला द्यायचं, हे त्यांनी ठरवलं. निब परदेशी होती, धंदा परदेशी नव्हता. आमच्या बायकांचं नेमकं उलटं होणार होतं. निब उद्या कानपूरची आणता येईल, तिथे निबा बनतात. पण ठरवणारा दुसराच असेल तर कानपूरची निब लावून काय उपयोग?

म्हणून मी किटाच्या विरोधात नाही. निब घरी घडवता येत नाही, आट्या पाडायला वेगळं मशीन लागतं, क्लिपला मुलामा द्यायचं काम आपलं नाही. किट नसतं तर आमच्या गावात पेन बनायला आणखी दहा वर्षं लागली असती. दिवाळीचा आकाशकंदीलसुद्धा आपण आधी तयार काड्या आणूनच शिकलो. माझा आग्रह एवढाच, की किट गटानं स्वतःच्या पैशानं विकत घ्यावं. दहाच घ्या, पण विकत घ्या. बिलाची पावती गटाच्या नावावर असू द्या. मग पेन किती रुपयांना द्यायचं हे बोलायला तोंड राहतं. आणि एखादं फुटलं तर ते आपलं फुटलं, कोणाची छाट नाही.

फुटण्यावरून आठवलं. आमच्या पहिल्या बारा पेनांतली सात फुटली. मशीनवर नाही, कपाटात. फेब्रुवारीत बनवून ठेवली, छान दिसत होती. मे महिन्यात कपाट उघडलं तर सात पेनांना उभ्या चिरा. आधी वाटलं डिंक वाईट. मग गावातल्या एका म्हाताऱ्या खरादीनं सांगितलं. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे करण्यात त्याचं आयुष्य गेलं. तो म्हणाला, लाकूड ओलं होतं. आपल्याकडे उन्हाळा असा, की पारा पंचेचाळीसला जातो. लाकूड वाळून आकसतं, पण आतली पितळी नळी आकसत नाही. मग लाकूड जाणार कुठे? फाटणारच. त्यानं सांगितलं, तुकडा निदान एक उन्हाळा सावलीत वाळू द्या, टोकांना मेण लावा, घाई करू नका. ही गोष्ट किटाच्या कागदावर कुठे लिहिलेली नव्हती. तो कागद ज्या देशात छापला तिथे गोंदियाचा मे महिना नसतो!

त्या खरादीकडूनच आम्हाला आणखी एक गोष्ट मिळाली, लाख. आपल्या झाडीपट्टीत पळसावर, कुसुंबावर लाख धरते, हे आपल्याला नवं नाही. पण लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली, की घासण्याच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर पसरते, आणि काय तो रंग येतो! सावंतवाडीची लाकडी खेळणी, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगतात. आम्ही बाटलीतलं पॉलिश बंद केलं. बिज्याचं तांबूस लाकूड आणि वर लाखेचा पातळ थर, यापुढे सोनेरी क्लिप फिकी पडते. बांबूचंही पेन करून बघितलं, पण त्याची सालच चकचकीत असते ती मशीनवर निघून जाते आणि आतला भाग तंतूतंतूचा लागतो. ते अजून जमलेलं नाही. लाकूड घेताना मात्र एक सांभाळायला हवं. जंगलातून कोणी "ताई, सागवानाचा तुकडा आहे, स्वस्तात घ्या" म्हणालं तर घेऊ नका. फर्निचरवाल्याकडचेच तुकडे घ्या आणि त्याच्याकडून साधी का होईना, चिठ्ठी घ्या. आपल्या तालुक्यांत जंगल दाराशी आहे, उगाच चौकशी मागे लागायला नको.

आता मशीनची गोष्ट. लहान लेथची चौकशी केली तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास सांगितलं. गटाच्या कर्जातून होण्यासारखं आहे. कोणी सुचवलं, सरकारची विश्वकर्मा योजना आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्यात अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळतात आणि अठरा कारागिरीत सुतारकामही आहे. म्हणून आमच्यातल्या एकीनं चौकशी केली. उत्तर मिळालं, तुमच्या मिस्टरांची नोंदणी आधीच झाली आहे. एका कुटुंबातून एकच नाव, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. नियम सगळ्यांना सारखा, हे मान्य. पण सुतारकामात नाव घालायची वेळ आली की घरातलं एक नाव कोणाचं जातं, हे काय सांगायला हवं? मला वाटतं, ज्या घरात दोघंही हातकाम करतात तिथे हा नियम बदलायला हवा. तोवर निदान एवढं करा, की फॉर्म भरण्याआधी घरात विचारा, "नाव कोणाचं टाकायचं?" नुसतं विचारलं तरी काही घरांत भांडण होईल. होऊ दे.

विकायचं कुठे, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचं माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. शहरातल्या प्रदर्शनांवर डोळा ठेवून धंदा उभा करू नये, असं माझं मत. आपलं गिऱ्हाईक आपल्या आजूबाजूलाच आहे. शाळेत गुरुजी निवृत्त होतात, त्यांना शाल-श्रीफळ देतो. त्यांच्या घरी शालींचा ढीग झालेला असतो! त्यात एक पेन देऊन बघा. सत्काराला येणारे पाहुणे, ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेली सदस्य, दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू! दरवर्षी आपण प्लास्टिकच्या चाळण्या आणि साबणाच्या डब्या वाण म्हणून वाटतो, आणि पुढच्या वर्षी त्याच दुसरीकडून आपल्याकडे परत येतात. साधं बॉलपेन, शंभरच्या किटाचं, पंचवीस बायकांच्या हळदीकुंकवाला परवडणार नाही, मला ठाऊक आहे. पण चौघी मैत्रिणींनी मिळून आपल्या एका जवळच्या बाईला एक दिलं तर?

शाईपेनाबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे. आमच्या लहानपणी पाचवीत गेलं की शाईचं पेन मिळायचं, बोटं निळी, युनिफॉर्म निळा, टीपकागदासाठी भांडण. ज्या दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्यांच्या कॅमलिनची दौत घराघरात असायची. आजच्या पोरांना शाई भरायची सवय नाही. निब वाळली, शाई अडकली, की ते पेन कपाटात जातं आणि बाराशे रुपये देणारा माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून माझा सल्ला, सुरुवात बॉलपेन आणि रोलरबॉलनं करा, शाईपेन मागून घेणाऱ्यालाच द्या. देताना निब कशी धुवायची ते मराठीत एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. आमच्या गटातल्या दोघी मुलींनी ती चिठ्ठी लिहिलीसुद्धा, आणि फार गोड अक्षरात लिहिली.

त्या गृहस्थांचं काय झालं? आम्ही त्यांना सांगितलं, आम्हाला तुमची किटं विकत द्या, उधारी नको. आणि पेन तुम्हाला हवं असेल तर आम्ही तुम्हाला विकू, भाव ठरवून. ते म्हणाले, विचार करून सांगतो. शेजारच्या गावात त्यांनी खोकं उघडलं आणि तिथल्या गटानं वीस रुपयांवर सही केली, असं ऐकलं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. घरात रोख पैसा यायची गरज असते तेव्हा वीस रुपयेही मोठे वाटतात. पण जमलं तर एकदा आमच्या मावशींना घेऊन त्या गावच्या बैठकीला जायचं आहे. मी बोलण्यापेक्षा त्या बोललेल्या बऱ्या.

आम्ही वीस किटं स्वतः मागवली. लेथही घेतला. आता अडचण आहे ती जागेची. एकीच्या नवऱ्यानं आपल्या गोठ्याशेजारचं शेड देऊ केलं, मनापासून. पण शेड त्याचं, वीज त्याची, कुलूप त्याचं, तर महिनाभरात मशीनही त्याचंच होईल, असं बायकांनीच म्हटलं. मला म्हणावं लागलं नाही. म्हणून समाजमंदिराच्या मागची खोली मागितली आहे. खोली द्यायला सरपंच ताई तयार आहेत, पण विजेचं मीटर वेगळं घ्यायचं की जुन्यावरच जोडायचं, आणि बिल कोण भरणार, यावर गाडी अडली आहे. येत्या सोमवारी आम्ही अकराजणी ग्रामपंचायतीत जाऊन बसणार आहोत.